लिलावातला कापूस

"एकशे एक! एकशे एक एकवार... एकशे एक दोनवार..."

पोराने कोंबडा छातीशी घट्ट धरला आहे. पाय सुतळीने बांधलेले, तुरा लालभडक, मान सारखी इकडून तिकडे. चर्चच्या पायऱ्यांवर, सतरंजीवर आणि मांडवाच्या कडेने लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सत्तर-ऐंशी माणसे बसली आहेत. "एकशे पंचवीस!" मागून एक बाई ओरडतात आणि सगळे खळखळून हसतात, कारण कोंबडा त्यांनीच आणलेला आहे. सकाळी घरून आणला, आता पैसे मोजून परत घरी न्यायचा. देवाला दिलेली वस्तू दिली. ती हवी असेल तर इतरांसारखीच बोली लावायची, हा इथला रिवाज आहे.

वर्धा शहर. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, सकाळचे साडेअकरा. पहाटेचा गारवा भिंतींच्या सावलीत अजून उरला आहे. आज या लहानशा मंडळीचा कापणीचा सण आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधला हा जुना सण. हंगामाचे पहिले पीक, परसातली भाजी, हातची एखादी वस्तू वेदीपुढे आणून ठेवायची, तिच्यावर प्रार्थना करायची आणि उपासना संपली की अंगणात तिचा लिलाव करायचा. आलेला पैसा मंडळीच्या खर्चाला जातो. छपराची गळती, पाळकसाहेबांचा पगार, विजेचे बिल, एखाद्या विधवेच्या घरचे धान्य, सगळे यातूनच भागवायचे असते.

टेबलावर संत्र्यांची टोपली आहे. केळीचा घड आहे, पायलीभर सोयाबीन, वांगी, पालकाच्या जुड्या, वायगावच्या हळदीची पुडी, लिंबाच्या लोणच्याची बरणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली गावरान अंडी, क्रोशाने विणलेला टेबलरुमाल. आणि एका कोपऱ्यात, सेलू तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आणलेली वेळूची परडी. तिच्यात पहिल्या वेच्याचा कापूस, काही बोंडे देठासकट.

परडीची पाळी येते तेव्हा उन्हे वर चढलेली असतात आणि लहान मुले जेवणाच्या पातेल्यांकडे बघू लागलेली असतात. बोली वीस रुपयांपासून सुरू होते आणि तिसावर थांबते. शहरात कापूस घेऊन कुणी काय करणार?

"अडीचशे," भिंतीला टेकून बसलेले एक काका म्हणतात.

लिलाव करणारा पोरगा थबकतो. "काका, बाजारात पन्नासाचा हाय हा."

"बाजारात हाय ना. इथं अडीचशेचा हाय. लिही."

काका उठतात, परडी घेतात आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात. पंचाहत्तरीचे असतील. पांढरा सदरा, कोपराशी रफू केलेला, इस्त्रीची घडी मात्र कडक. बोंडातला कापूस ते दोन बोटांत धरून हलकेच ओढतात, धागा किती लांब येतो ते बघतात. ही बोटे कापूस ओळखतात, हे माझ्या लगेच लक्षात येते.

"गिरणीत होता का काका?"

"बत्तीस वर्षं, ताई. साचाखात्यात."

सकाळी आत उपासना चालू होती तेव्हाही मी यांना पाहिले होते. शेवटच्या बाकावर, चष्मा कपाळावर ढकलून, 'उपासना संगीत' हे भजनांचे पुस्तक न उघडताच गात होते. पेटी आणि तबल्यावर नारायण वामन टिळकांचे भजन चालले होते. टिळक मूळचे कोकणातले. १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांच्या हाती नवा करार पडला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव ज्या मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे, तो वर्ध्याच्या स्टेशनातून जातो. इथून दर थोड्या वेळाने गाडीची शिट्टी ऐकू येते, आणि भजन त्या शिट्टीसाठी थांबत नाही.

बाकांवर कोण कोण होते ते मी बघून ठेवले आहे. दोन-तीन पिढ्यांपासून इथे राहिलेली मराठी कुटुंबे पुढच्या ओळींत. सेवाग्राम आणि सावंगीच्या मोठ्या रुग्णालयांत काम करणाऱ्या, रात्रपाळी संपवून तशाच आलेल्या केरळच्या दोन परिचारिका डोळ्यांत झोप घेऊन बसलेल्या. शिकायला आलेली काही मुले, त्यांच्यातली दोघे ईशान्येकडची. तरुण मराठी चेहरे कमी. ते पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत आहेत. नाताळला येतात, आठवडाभर चर्च भरून जाते आणि १ जानेवारीची उपासना झाली की पुन्हा बाके मोकळी होतात. पाळकसाहेबांनी त्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगितला, ज्याला पीक इतके झाले की त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि त्याच रात्री त्याचा जीव गेला. "साठवलेलं आपलं नसतं, वाटलेलं आपलं असतं," असे म्हणून त्यांनी पुस्तक मिटले. मग एकेक जण आपली टोपली घेऊन वेदीकडे निघाला.

आता पंगती बसल्या आहेत. मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी. चहाबरोबर कुणीतरी गोरसपाक बिस्किटांचा पुडा फोडतो. काका परडी मांडीवर ठेवूनच जेवतात.

"माझी आजी नागपुरात मुर मेमोरियल दवाखान्यात दाई होती," ते सांगतात. "मिशनच्या बायांनी शिकवलं तिले. लिहिता येत नव्हतं, पण अडलेली बाई कशी सोडवायची ते तिले पाठ. लोक म्हणत, पोटासाठी बाटली. ती म्हणे, पोटासाठीच तर सारे जगतात, पण मले कोणी बाई म्हणून हाक मारली ती पहिल्यांदा तिथंच."

या एका वाक्यात या भागातल्या मिशनचा बराच इतिहास येतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. त्याने शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळे बघून बोरीकडे परतताना ओढ्याच्या पुरात तो वाहून गेला. वर्धा जिल्हा त्याच्या आदल्याच वर्षी, १८६२ ला, नागपुरातून वेगळा काढला होता. मुख्य ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ ला ते पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आले आणि वर्धा शहर आखले गेले.

ही वर्षे कापसाची आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाड-वर्ध्याकडे वळल्या. हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्यासाठी रूळ आले, जिनिंग-प्रेसिंग आले. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शतक संपेपर्यंत हिंगणघाट-पुलगावलाही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. त्याच रुळांवरून नागपूरच्या स्कॉटिश मिशनची माणसे वर्ध्यात आली आणि इथेही त्यांचे एक ठाणे उभे राहिले. गाठोडी बाहेर जात होती, पुस्तक आत येत होते, आणि गाडी एकच होती. म्हणून सामान्य माणसाने दोन्ही एकाच साहेबाची मानली, यात त्याचा दोष नाही. पण काकांच्या आजीला त्या गाडीतून काही वेगळेही मिळाले होते, हेही तितकेच खरे आहे.

"तुमची मंडळी आता कुणाच्या ताब्यात?" पंगतीतला एक कॉलेजचा मुलगा विचारतो. तो मित्राबरोबर जेवायला आला आहे.

"ताब्यात?" काका हसतात. "आमच्याच. सत्तर साली नागपूरले सहा मंडळ्या एक झाल्या. माझा बाप मले घेऊन गेला होता."

२९ नोव्हेंबर १९७०. तो दिवसही रविवारच होता. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथॉडिस्ट, डिसायपल्स अशा वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्यांनी आपापली विलायती नावे मागे ठेवली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आली. बाहेरच्यांनी आणलेली भांडणे आपण का चालवायची, हा साधा प्रश्न त्यामागे होता. परदेशातून येणारा पैसा आधीच आटत चालला होता. आता छप्पर गळले तर कोंबडा विकायचा, हे त्या निर्णयातच आले.

मी काकांना विचारते, "मगनवाडीत येता माझ्याबरोबर? मी तिकडेच चालले आहे."

ते परडीकडे बघतात, मग माझ्याकडे. "पन्नास वर्षं झाली मले वर्ध्यात. त्या फाटकासमोरून हजारदा गेलो असीन. आत कधी पाय नाही ठेवला. ते गांधीवाल्यांचं आहे ना?"

"तिथला मुख्य माणूस तुमच्यातलाच होता."

दुपारचे अडीच. मगनवाडीत शिरताच रस्त्याचा आवाज मागे राहतो. जमनालाल बजाजांची ही बाग. त्यांनी ती गांधीजींना दिली आणि १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ इथे रुजला. संघाचा सारा डोलारा ज्याने उभा केला, त्याचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर, तमिळ ख्रिस्ती घर. लंडनला हिशेबतपासनीस झाला, मुंबईत फर्म चालवली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हिंदुस्थानच्या सरकारी महसुलाचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासातच त्याला कळले की हा देश गरीब नाही, गरीब केला गेला आहे. तो प्रबंध घेऊन तो १९२९ च्या मे महिन्यात साबरमतीला गेला. घरचे कॉर्नेलियस हे आडनाव बाजूला सारून त्याने पूर्वजांचे कुमारप्पा हे नाव परत घेतले. धर्म मात्र सोडला नाही.

मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ ला उघडले. आम्ही दालनातून हळूहळू चालतो. चरखे किती तऱ्हांचे: पेटीचा, बांबूचा, पायाने फिरवायचा. तेलाची घाणी, हातकागदाची साधने, मधमाश्यांची पेटी. काका प्रत्येक यंत्रापाशी थांबतात. चरख्याची चाती बोटाने फिरवून बघावीशी वाटते त्यांना. हात पुढे जातो आणि "हात लावू नये" ही पाटी बघून मागे येतो.

"लावा काका," तिथल्या ताई म्हणतात. "तुम्ही गिरणीतले दिसता."

काका चाती फिरवतात. कान तिच्याकडे लावून ऐकतात. "चाती सरळ हाय," ते म्हणतात, आणि या पसंतीने ताईंचा चेहरा उजळतो.

एका फळीवर मगन दीप आहे. खेड्यातल्या माणसाला रॉकेलसाठी परदेशी कंपनीच्या तोंडाकडे बघावे लागू नये, म्हणून इथे घाणीच्या तेलावर चालणारा हा दिवा बनवला गेला. अडचण साधी आणि अवघड होती. बियांचे तेल रॉकेलपेक्षा जड. ते वातीतून वर चढायला कुरकुरते. तेल ज्योतीच्या जवळ कसे राखायचे, याच्यावर माणसांनी महिने घालवले. जवळच धूर बाहेर नेणारी मगन चूल. ज्या काळात उद्योग म्हणजे भोंगा आणि धुराडे असे समीकरण पक्के होते, त्या काळात या आवारात विचारले जात होते की चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांतले पाणी कोणत्या उद्योगाने थांबेल.

मी काकांना कुमारप्पांबद्दल सांगते. सविनय कायदेभंगाच्या काळात निःशस्त्र माणसांवर लाठ्या पडत होत्या, तेव्हा त्यांनी कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप फॉस वेस्टकॉट यांना पत्र लिहून जाब विचारला की येशूच्या नावाने चालणारी मंडळी या वेळी कुणाच्या बाजूला उभी आहे? १९४२ नंतर ते जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक अर्थशास्त्राचे, 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स', आणि दुसरे येशूच्या शिकवणीवरचे. पहिल्यात ते निसर्गातून उदाहरणे देतात. वाघ जीव घेऊन जगतो, माकड दुसऱ्याच्या झाडाचे फळ ओरबाडते, मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते, आणि पक्षीण पिलाला भरवते तेव्हा परतफेडीचा हिशेबच ठेवत नाही. माणसाची अर्थव्यवस्था वाघाकडून पक्षिणीकडे जायला हवी. दुसऱ्या पुस्तकात हीच वाट ते शुभवर्तमानात शोधतात. गांधीजींनी दोन्हींना प्रस्तावना लिहिल्या आणि कुमारप्पांना ग्रामोद्योगाचे आणि ईश्वरशास्त्राचेही डॉक्टर म्हटले. एका कोठडीत, एकाच लेखणीने लिहिलेली ही दोन पुस्तके मला नेहमी एकच पुस्तक वाटतात.

त्यांच्या खोलीत एका गरीब खेडुताचे चित्र होते असे सांगतात. कुणी विचारले तर ते म्हणत, हा माझ्या गुरूचा गुरू.

काका बराच वेळ गप्प राहतात. मग विचारतात, "अन् हे आमाले कोणी सांगितलं काहून नाही?"

या प्रश्नासाठीच मी आज वर्ध्यात आले आहे, हे मला त्या क्षणी कळते. चर्चमध्ये हिस्लॉपचे नाव माहीत आहे, कुमारप्पांचे नाही. इथे मगनवाडीत कुमारप्पांचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांच्या उशाशी कोणते पुस्तक होते याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. एकीकडे त्यांचा धर्म उरला आणि काम गेले, दुसरीकडे काम उरले आणि धर्म गेला. ते स्वतः या दोन्हींना कधी वेगळे करू शकले नसते. याच जिल्ह्यात सेलडोहला त्यांनी पुढे पन्नई आश्रम काढला आणि शेतीत हात घातला. मग तमिळनाडूला परतले आणि ३० जानेवारी १९६० ला, आपल्या गुरूच्या पुण्यतिथीलाच, मदुराईत वारले. विलायती नाव टाकून, मातीत हात घालून ख्रिस्ती राहता येते, हे या एका माणसाने वर्ध्यात जगून दाखवले. आपण परके आहोत का, हा प्रश्न पडलेल्या कुठल्याही पोराला त्याच्या गावातून यापेक्षा मोठे उत्तर मिळणार नाही.

ऑटोने सेवाग्राम आठ किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी आहे, कापसाने पांढरी झालेली. वेचणीच्या बाया ओटीत कापूस भरून बांधाकडे निघाल्या आहेत. काका मान बाहेर काढून बघतात. "फुटला हाय मस्त," एवढेच बोलतात.

आश्रमात पोचतो तेव्हा ऊन तिरपे झालेले आहे. बापूकुटीच्या भिंती सारवलेल्या, आत शिरल्यावर पायांना गारवा लागतो. ही कुटी मुळात मीराबहेनची. ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरलची ही मुलगी मॅडेलिन स्लेड गांधीजींच्या आधी या खेड्यात येऊन राहिली. भिंतीवर मातीतून उठवलेली ताडाची झाडे, चरखा आणि ओम ही तिच्या हातची. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, सेवाग्राम ते १९४० ला झाले. या अंगणात ख्रिस्ती घरांतली माणसे किती वावरली! कपूरथळ्याच्या राजकुमारी अमृत कौर पत्रांचा ढीग उपसत. श्रीलंकेचे तमिळ ख्रिस्ती आर्यनायकम, एकेकाळचे टागोरांचे चिटणीस, पत्नी आशादेवींबरोबर नई तालीमची शाळा चालवत. चार्ली अँड्र्यूज येत-जात. पुढे इंग्लंडच्या मार्जोरी साइक्स इथल्या शिक्षकांना शिकवायला आल्या.

१९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर इथे राहिला. मातीच्या या उघड्या भिंतीवर त्याला एकच चित्र दिसले, येशूचे, आणि खाली त्याला आपली शांती म्हणणारे चार शब्द. मी काकांना ते सांगते. ते चप्पल काढून उंबऱ्याशी उभे आहेत. भिंतीवर चित्राची जागा शोधत राहतात.

जॉन मॉट हा त्या काळचा जगातला मोठा मिशनरी पुढारी दोनदा इथे आला, १९३६ ला आणि पुन्हा १९३८ च्या डिसेंबरात. मद्रासजवळ तांबरमला जगभरच्या मंडळ्यांची परिषद भरणार होती, त्याच्या आदल्या दिवसांतली ही भेट. गांधीजी त्याच्याशी पैशाबद्दल बोलले. धर्मसंस्थेकडे गरजेपेक्षा जास्त पैसा साठला की तिची देवावरची श्रद्धा उणावू लागते, अशा अर्थाचे. तांबरमला आलेल्या चिनी प्रतिनिधींमध्ये वू याओत्सुंग होते. त्यांनीही त्या हिवाळ्यात गांधीजींची गाठ घेतली. त्यांचा देश तेव्हा जपानच्या बाँबवर्षावाखाली होता. पुढे १९५० नंतर चीनमधल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रचार या तीन 'स्व'ची चळवळ ज्यांनी उभारली, ते हेच वू. परदेशी मिशनचा पैसा आणि माणसे दूर झाली. मंडळ्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या, पण राज्यसत्तेची सावलीही त्यांच्यावर पडली. १९६६ ला सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि चर्चना टाळे लागले. कित्येक ठिकाणी प्रार्थनेच्या दालनांत यंत्रे बसली, गोदामे झाली. १९७९ पासून दारे पुन्हा उघडू लागली तेव्हा आत शिरणारी गर्दी पाहून जग थक्क झाले. धुराड्यांच्या शहरांमध्ये, कामगारांच्या चाळींतून, विश्वास घराघरांत टिकून राहिला होता. कुमारप्पाही १९५१ ला चीन बघून आले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले.

हे सगळे माझ्या डोक्यात एकमेकांत गुंततेय. तिकडे स्वावलंबन सरकारच्या हुकुमाखाली आले, इकडे आटलेल्या मदतीमुळे आणि एका रविवारच्या निर्णयामुळे. पण त्याचा खरा अर्थ मला आज सकाळी कळला, एका बाईने स्वतःचाच कोंबडा बोली लावून परत घेतला तेव्हा. गांधीजी मॉटला जे सांगत होते, ते त्या अंगणात वही-पेन्सिल घेऊन लिहिले जात होते. एकशे पंचवीस रुपये, कोंबडा. अडीचशे, कापूस.

सहा वाजता प्रार्थनेची घंटा होते. पिंपळाजवळच्या मोकळ्या जमिनीवर दहा-पंधरा माणसे येऊन बसतात. आश्रमवासी, दोन परदेशी पाहुणे, सहलीला आलेले एक कुटुंब. काका आणि मी कडेला. प्रार्थना सुरू होते. संस्कृत, अरबी, हिंदी एकापाठोपाठ येतात. विनोबांच्या नाममालेत राम, रहीम, बुद्ध यांच्या ओळीत येशूचाही पिता येतो. पवनारच्या त्या ऋषीने बायबल वाचून 'ख्रिस्तधर्म-सार' काढले होते, आपल्या हाताने निवडून. नाममालेतला तो शब्द येतो तेव्हा काका डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा मिटतात.

अंधार दाटत जातो. प्रार्थना संपते आणि सगळे सूत कातायला बसावे तसे शांत बसून राहतात. काकांनी परडी पुढे ओढली आहे. एक बोंड घेतात, नखाने कापूस सोडवतात, त्यातली सरकी एकेक करून बाहेर काढतात. घाई नाही. बत्तीस वर्षे यंत्राने झालेले काम आता बोटांनी.

"काय करता काका?"

"वाती," ते हळू आवाजात म्हणतात. "त्या दिव्यात जवसाचं तेल चढत नाही म्हणे लवकर. वात सैल वळली तर चढते. नाताळच्या रात्री चर्चच्या खिडकीत लावून बघतो. अन् पोट्ट्यांना त्या माणसाचं नाव सांगतो. काय म्हटलं तुम्ही? कुमार..."

"कुमारप्पा."

"कुमारप्पा," ते म्हणतात, आणि पुढचे बोंड घेतात. मोकळा झालेला कापूस रुमालात ठेवतात. सरकी सदऱ्याच्या खिशात. ती फेकायची नाही, पावसाळ्यात परसात लावायची आहे.